दोन्ही दुधाळ

सोमवारी सकाळी पावणेसातला टेबलाचा खण बंद झाला तेव्हा निवळीबाईंची दोन बोटं आत होती. खण आपोआप लागला नव्हता. सरांनी बाईंचं उजवं मनगट धरलं, मधली दोन बोटं खणाच्या कडेवर नीट मांडली आणि मांडीने खण आत ढकलला. एकदा नव्हे, दोनदा. पहिल्यांदा पुरेसा आवाज आला नसावा.

गुन्हा म्हणाल तर हातरुमाल. तो घडी घालून खणात असायला हवा होता, आणि होता दोरीवर वाळत.

"आता लक्षात राहील," सर म्हणाले. आवाज चढवणं सरांना खपत नसे. ओरडतात ती अडाणी माणसं, असं त्यांचं मत होतं.

बाईही ओरडल्या नाहीत. शेजारची भिंत पातळ, आणि बावीस वर्षांच्या सवयीने खालचा ओठ आपसूक दातांखाली जायचा. त्यांनी बोटं नळाखाली धरली. पाणी लाल गेलं, मग गुलाबी, मग साधं. त्याच हाताने त्यांनी दोन डबे भरले. साडेसातला दोघं शाळेच्या फाटकातून आत शिरले. सर चार पावलं पुढे, बाई मागे, उजवा हात पिशवीच्या आड.

सर नववी-दहावीला विज्ञान शिकवत आणि निवळीबाई, त्यांची बायको, त्याच शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक होती. घरी ती त्यांना 'अहो' म्हणे आणि ते तिला 'ए'. फाटकाच्या आत ती 'सर' म्हणे आणि ते 'बाई, तुम्ही'. घर ते शाळा जेमतेम सातशे पावलं. तेवढ्यात अख्खं व्याकरण बदलायचं.

निवळीबाई हे नाव मुलांनी ठेवलेलं. कळीचा चुना पाण्यात टाकला की फसफसतो, तापतो. तो ढवळून बसू द्यायचा, आणि गाळ तळाला गेला की वरचं नितळ पाणी अलगद ओतून घ्यायचं. ही चुन्याची निवळी. तिच्यात कार्बन डायऑक्साइड शिरला की ती दुधाळ होते, एवढं शाळेत गेलेल्या प्रत्येकाला आठवतं, बाकी काही आठवो न आठवो. गाळ न हलवता वरचं स्वच्छ तेवढं काढून दाखवण्यात बाईंचा हात धरणारं कुणी नव्हतं. घरीही त्यांचं तेच काम चालू होतं.

बाई मूर्ख नव्हत्या, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर लोक लगेच म्हणतात, बिचारी, तिला कळत नसेल. त्या कॉलेजात रसायनशास्त्रात वर्गात पहिल्या होत्या. दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेआधी लग्न झालं आणि परीक्षा राहिली ती राहिलीच. शाळेतली नोकरी सरांनीच लावून दिली. बायको नजरेसमोर असलेली बरी.

दवाखान्यातली नर्स बाईंना नावानिशी ओळखायची.

"काय हो, आज काय?"

"पडले. जिन्यावरून."

"तुम्ही तळमजल्यावर राहता ना?"

"शाळेचा जिना."

"मग तो जिना पाडून टाका की एकदाचा. तुम्हाला किती वेळा पाडतो तो!"

नर्स हसायची. बाई हसायच्या. पट्टी बांधून व्हायची. नर्सला काही कळत नव्हतं असं नाही, पण तिच्या वहीत 'पडल्या' लिहायला एकच शब्द लागायचा.

सरांची ख्याती अशी की त्यांचा प्रयोग कधी फसत नाही. दुसऱ्या शाळांचे शिक्षक बघायला येत. ते शिकवायचेही उत्तम, खोटं कशाला बोला. श्वासोच्छ्वास वेगळा आणि श्वसन वेगळं, हे त्यांच्याइतकं सोपं करून कुणी सांगितलं नसेल. "श्वासोच्छ्वास नाकाचं काम. हवा आत, हवा बाहेर, भात्यासारखी. श्वसन होतं ते पेशीत. तिथे अन्न जळतं, ऊर्जा निघते. बियाला नाक नाही, पण श्वसन आहे. जिवंत आहे तोवर आहे." मग ते फळ्यावर चार शब्द लिहीत: साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. 'निरीक्षण'खाली दोन रेघा. "इथे डोळ्यांना दिसेल तेच लिहायचं. पुस्तकात काय आहे ते पुस्तकात राहू दे."

पहिल्याच वर्षी प्रयोग एकदा फसला होता. निवळी दुधाळ व्हायला हवी होती, झाली नाही. मुलं हसली. शाळा सुटल्यावर सरांनी बाईंना तराजूच्या खोलीत नेलं. प्रयोगशाळेच्या कोपऱ्यातली काचेच्या दाराची एवढीशी खोली, तराजूला वारा लागू नये म्हणून केलेली. तिथे त्यांनी बर्नरची रबरी नळी दुहेरी केली आणि बाईंच्या पाठीवर, मांड्यांवर मारली. रबराचा वळ कपड्याआड राहतो. आधी त्यांनी आपलं घड्याळ काढून वजनांच्या पेटीवर ठेवलं होतं, ते बाई कधी विसरल्या नाहीत.

त्यानंतर प्रयोग फसला नाही. कसा फसेल? वर्ग यायच्या आधी बाई एकेक नळी उजेडात धरून बघत. एखादी पुरेशी दुधाळ नसली तर बूच काढून, काचेच्या नळीने आत स्वतः फुंकर घालत आणि बूच पुन्हा लावून ठेवत. अशा किती वर्गांनी बियांचं श्वसन म्हणून निवळीबाईंचा श्वास वहीत उतरवून घेतला, कोण जाणे.

त्या सोमवारी नववीच्या श्वसनाच्या प्रयोगाची मांडणी होती. कृती सोपी. दोन शंकुपात्रं घ्यायची. 'अ'मध्ये मोड आलेले हरभरे, 'ब'मध्ये उकडलेले. दोन्हींत दोऱ्याने एकेक छोटी नळी लटकवायची, तिच्यात निवळी. वर रबरी बूच घट्ट. दोन दिवसांनी 'अ'ची निवळी दुधाळ होते, कारण मोड आलेलं बी जिवंत आहे. 'ब'ची तशीच राहते, कारण ते मेलं.

पण यात एक मेख आहे, आणि ती बहुतेक पुस्तकं लिहीत नाहीत. उकडलेले हरभरे फॉर्मॅलिनच्या पाण्यातून काढावे लागतात. नाहीतर ते सडतात, आणि सडवणारे जंतू काही मेलेले नसतात.

बाईंना हे पाठ होतं. हरभरे उकडून झाले. फॉर्मॅलिनची तपकिरी बाटली तराजूच्या खोलीतल्या फळीवर होती, काचेच्या बुचाची. बूच चिकटलं होतं. एरवी बाई ते दोन हिसड्यांत काढत. आज बोटं वांग्यासारखी सुजली होती आणि एका नखाखाली रक्त साकळून ठणकत होतं. डाव्या हाताने जोर लावला, दातांनी बघितलं, ऊन दाखवून बघितलं. बूच हललं नाही. शिपायाला हाक मारावी तर तो विचारणार, बोटांना काय झालं? मग पुन्हा जिना. सकाळी सकाळी तो जिना चढायचा बाईंना अगदी वीट आला.

'दोन दिवसांत काय सडतंय,' त्या मनात म्हणाल्या. हरभरे तसेच पात्रात घातले. 'बुधवारी आधी बघून घेऊ. दुधाळ दिसली तर निवळी बदलून टाकू. तास चौथा आहे.'

बुधवारी गणिताचे मास्तर आले नाहीत आणि सर नववीला दुसऱ्याच तासाला घेऊन आले.

बाई तेव्हा मागच्या मोरीत परीक्षानळ्या धूत होत्या. बेचाळीस मुलांचे पाय वाजले. हात पुसत त्या धावत आल्या, तोवर सरांनी दोन्ही पात्रं कपाटातून काढून मोठ्या टेबलावर मांडली होती. मुलं टेबलासमोर कोंडाळं करून उभी होती. 'अ'ची नळी छान दुधाळ होती. बाईंनी 'ब'कडे पाहिलं.

तीही दुधाळ होती.

सरांनीही पाहिलं. मग त्यांनी मान वर करून बाईंकडे पाहिलं, हसले, आणि मनगटावरचं घड्याळ सोडून खिशात टाकलं.

मुलांना त्यात काय दिसणार? बाईंना मात्र दिसलं. सरांनी दोन बोटांनी 'ब' पात्र अर्धं वळवलं, अशा बेताने की 'ब' लिहिलेली कागदाची मोठी चिठ्ठी नळीच्या बरोब्बर पुढे आली.

"काय दिसलं?" त्यांनी विचारलं.

"'अ' दुधाळ, 'ब' स्वच्छ," वर्गाने एका सुरात सांगितलं. पुस्तकात तेच होतं.

"लिहा."

मुलं भिंतीकडेच्या ओट्यांवर वह्या टेकवून लिहू लागली. सर मागून फिरत होते. एका ठिकाणी थांबले.

तिथे उभ्या मुलीला सगळे शिडी म्हणत. वर्गात सगळ्यांत उंच, म्हणून प्रत्येक कोंडाळ्यात मागे ढकललेली. मागे होती खरी, पण तिला सगळ्यांच्या डोक्यांवरून, आणि चिठ्ठीच्याही वरून, सरळ पात्रात दिसलं होतं.

"हे काय?" सरांनी वही उचलली आणि मोठ्याने वाचली. "'निरीक्षण: दोन्ही नळ्यांतली निवळी दुधाळ झाली.'"

एकदोघं फिसकन हसली.

"खोड."

"सर, पण झालीय दुधाळ."

"खोड म्हटलं."

"सर, तुम्हीच म्हणता ना, निरीक्षणात दिसेल तेच..."

पहिली थप्पड डाव्या कानावर बसली. शिडी ओट्यावर आपटली, कोपराने दोन परीक्षानळ्या खाली गेल्या.

"काय दिसलं?"

"दोन्ही, सर."

बर्नरची नळी ओट्यावरच होती. सरांनी ती गॅसच्या तोटीवरून ओढून काढली, दुहेरी केली. एक फटका खांद्यावर, एक पाठीवर. रबराचा तो आवाज बाईंना आतून माहीत होता. त्यांची पाठ आपसूक आकसली.

"काय दिसलं?"

"दोन्ही."

हा हट्ट नव्हता. हट्टी पोर रडून, डोळे वटारून सांगतं. शिडी भांबावलेली होती. तिला खरंच वाटत होतं की सरांना ऐकू येत नाहीये. सरांनी तिची वेणी मुठीत धरली, तिला टेबलाशी फरफटत आणलं आणि तिचं कपाळ 'ब' पात्राशेजारी टेबलावर आदळलं. पात्र हिंदकळलं. आतली नळी दोऱ्यावर डोलली, पांढरीफेक.

"नीट बघ. आता सांग."

शिडीच्या कानातून लालसर ओघळ हनुवटीकडे निघाला होता. तिने डोळे वळवून बाईंकडे पाहिलं. मदत मागायला नव्हे. मुलं शंका आली की ज्या नजरेने बघतात ना, तसं. तुम्हीच मांडला होता ना प्रयोग, मग सांगा की.

बाईंनी उत्तर द्यायला किती वेळ लावला? दोन फटक्यांएवढा. ते दोन फटके त्यांना जन्मभर पुरतील.

"दोन्ही दुधाळ झाल्यात," त्या म्हणाल्या. "ती बरोबर सांगतेय. चूक माझी आहे, माझ्याकडून फॉर्मॅलिन राहिलं. सोडा तिला."

सरांनी वेणी सोडली. "बाई, तुम्ही आत जा."

"आधी तिला दवाखान्यात पाठवा."

"बाई, आत जा म्हणतो ना."

"नाही जात."

"ए!" सर ओरडले. "ए भवाने, तुला सांगतोय ना? चल आत!"

मुलांनी सरांचा चढलेला आवाज पहिल्यांदाच ऐकला. पण मुलं दचकली ती आवाजाने नव्हे. 'ए'ने. बावीस वर्षं फाटकाबाहेर ठेवलेला 'ए' एका क्षणात आत आला आणि नववीच्या वर्गाला त्या घरातलं सगळं दिसलं, चमचे-वाट्यांसकट. इथून पुढे त्या माणसाला अहो-जाहो करायचं काही कारण नाही.

त्याने बाईंच्या दंडाला धरलं, तराजूच्या खोलीत ढकललं, आत आला आणि कडी घातली. काचेच्या दारातून बाहेरच्यांना दिसतं, याचं भान त्याला राहिलं नव्हतं. पहिला ठोसा पोटात, म्हणजे माणूस वाकतो. वाकल्यावर गुडघा. तोंडात खारट चव आली आणि एक दात जिभेवर आला. तो बाईंनी थुंकला नाही, गिळला. फरशीवर काही सांडायचं नाही, ही जुनी सवय. मग त्याने त्यांना भिंतीला दाबलं आणि दोन्ही हातांनी गळा धरला.

गळा धरणं नवं नव्हतं. किती वेळाने कानात शिट्टी वाजते, किती वेळाने कडा काळ्या होतात, हे बाईंना माहीत होतं. त्याआधी तो सोडतो, हेही माहीत होतं. शिट्टी वाजली. कडा काळ्या झाल्या. त्याने सोडलं नाही.

उजवा हात फळीवर चाचपडला. वजनांची पेटी. चिमटा. मग गार काच. त्या दोन सुजलेल्या बोटांसकट मूठ वळली आणि बाईंनी फॉर्मॅलिनची बाटली फळीच्या लोखंडी कडेवर आपटली.

बूच शेवटपर्यंत निघालं नाहीच. बाटली मात्र फुटली.

अर्धा लिटर फॉर्मॅलिन त्याच्या बाह्यांवर, छातीवर, जमिनीवर. वीतभर खोली, खिडकी नाही, वारा लागू नये म्हणून दाराच्या फटींना लोकरीची पट्टी. त्याने शिकवताना खोल श्वास घ्यायची सवय लावून घेतलेली. तो त्याने आताही घेतला, आणि हात गळ्यावरून सुटून स्वतःच्या डोळ्यांवर गेले. बाई खाली कोसळल्या. पुढे ओकाऱ्या, खोकला, डोळ्यांत निखारे. तो आंधळ्यासारखा दारावर कडी शोधत होता आणि ती जिथे नव्हती तिथे धक्के देत होता. बाई तोंडावर ओढणीचा बोळा धरून जमिनीलगत पडल्या होत्या आणि त्यांनाही हवा मिळत नव्हती. दोघांनाही नाही. खोलीला कोण नवरा आणि कोण बायको, याच्याशी काही देणंघेणं नव्हतं.

मग दाराची काच फुटली.

बाहेर शिडी उभी होती, दोन्ही हातांत लोखंडी स्टँड, तळाची जड पाटी पुढे. तिने दुसरा घाव घातला, तिसरा. काचा आत कोसळल्या आणि त्यांच्यामागून हवा आली. बाईंच्या छातीत ती करवतीसारखी शिरली.

तो दारातल्या फुटक्या काचांवरून हात फरफटत, आतली कडी चाचपून काढून बाहेर पडला. कोपरापासून मनगटापर्यंत हात फाटला होता. डोळे मिटलेले, पण शिडी कुठे आहे ते त्याला तिच्या धापेवरून कळलं. त्याने तिला धरलं. पहिल्याच हिसड्यात त्याच हाताने तिच्या गळ्याचा शोध घेतला.

बाई रांगत उंबऱ्यापर्यंत आल्या होत्या. स्टँड जमिनीवर पडला होता. त्यांनी तो डाव्या हाताने उचलला, उजव्या तळव्याचा आधार दिला आणि त्याच्या गुडघ्यावर बाजूने घातला. ओलं लाकूड मोडल्यासारखा आवाज आला. तो बसला. म्हणजे एका पायावर बसला, दुसरा भलत्याच दिशेला वळला होता. मुलं किंचाळली.

"मारशील तिला?" बाई घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "हात लावून तर बघ तू."

'तू' म्हटलेलं त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. बरं वाटलं, असं नाही. हिरडीतून रक्त येत असताना कुणाला बरं वाटतं? पण शब्द तोंडात बसला.

मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, पाच मिनिटांत आल्या. तोवर शिपायाने खिडक्या उघडल्या होत्या. जखमींना गाडीत घालून दवाखान्यात नेलं. नर्सने बाईंचा गळा पाहिला, दहा बोटांचे ठसे मोजल्यासारखे पाहिले, आणि ती वही उघडून बसली. या वेळी तिने विनोद केला नाही.

"काय लिहू?"

"जरा थांबा," बाई म्हणाल्या. "आधी तिच्या कानाचं बघा."

शिडीच्या कानाचा पडदा फाटला होता. बाईंचा ओठ, गळा आणि बोटं बांधून होतात न होतात तोच मोठ्या बाई आत आल्या, हातात कोरा कागद घेऊन. तशा त्या वाईट नव्हत्या. शाळा सांभाळणारी माणसं असतात तशा होत्या.

"हे बघा," त्या खाली आवाजात म्हणाल्या, "बाटली फुटली, वाफ झाली, घबराट झाली, सर घसरून पडले. प्रयोगशाळेत अपघात होतातच. तुम्ही एवढं लिहून द्या. नवराबायकोतलं शाळेत कशाला?"

"आणि काच?"

"काच तर त्या मुलीने फोडली, हे सगळ्यांनी पाहिलंय. तिला काढून टाकावं लागेल. शिक्षकावर स्टँड उगारला तिने. तिच्या आईला बोलावणं धाडलंय मी."

"स्टँड मी मारला."

"तुम्ही कशाला नसतं ओढवून घेताय? तुम्ही पडलात, असं लिहा. तुम्हाला सवय..." मोठ्या बाई अडखळल्या. "म्हणजे तुम्ही पडता ना अधूनमधून."

कोपऱ्यातल्या बाकावर शिडी बसली होती, कानावर कापसाचा बोळा. तिला एका कानाने ऐकू येत होतं आणि ती त्याच कानाने ऐकत होती.

"कागद द्या," बाई म्हणाल्या.

उजव्या हाताने पेन धरता येत नव्हतं. त्यांनी डाव्या हाताने लिहिलं, पहिलीतल्या मुलासारखं, वेडंवाकडं. लिहायची दुसरी कुठली पद्धत त्यांना येत नव्हती, म्हणून बावीस वर्षं जी फळ्यावर पाहिली तीच वापरली.

साहित्य: टेबलाचा खण. रबरी नळी. हात. गुडघा. बंद खोली.

कृती लिहिताना त्यांनी सोमवारपासून सुरुवात केली आणि मग मागे मागे गेल्या, नर्सच्या जुन्या नोंदींच्या तारखांपर्यंत. प्रत्येक 'पडल्या'पुढे नर्सच्या साक्षीने खरं काय ते लिहिलं. कागद पुरला नाही. नर्सने आणखी दोन दिले, न मागता. शेवटच्या पानावर आजचं: मुलीला किती फटके, कुठे कुठे, का. काच का फोडली. गुडघ्यावर घाव कुणी घातला. निरीक्षण म्हणून स्वतःच्या अंगावरचं जिथे जिथे जे होतं ते, मापासकट. आणि खाली 'अनुमान' असा शब्द, पुढे मोकळी जागा.

"हे काय?" मोठ्या बाई म्हणाल्या. "इथे काही लिहिलं नाहीत."

"दिसलं ते सगळं लिहिलंय. अनुमान तुम्ही काढा. पण हा कागद तुमच्यानंतर पोलीस वाचणार आहेत, तेव्हा जरा लवकर काढा."

मोठ्या बाई पुष्कळ वेळ वाचत बसल्या. मग त्यांनी शिडीकडे पाहिलं, आणि काढून टाकायचा विषय पुन्हा काढला नाही.

त्याला दवाखान्यातूनच पोलिसांनी ताब्यात घेतलं. जबाबात तो म्हणाला की तो पडला. कसा, ते त्याला सांगता आलं नाही. नर्सने हे नंतर तीन वेळा तरी सांगितलं, आणि तिन्ही वेळा हसली.

पुढच्या सोमवारी नववीला विज्ञान शिकवायला कुणीच नव्हतं. मोठ्या बाईंनी वर्ग प्रयोगशाळेत पाठवून दिला. तराजूच्या खोलीच्या दाराला पुठ्ठा लावला होता. बाईंचा गळा हिरवा-पिवळा पडला होता आणि आवाज फुटत नव्हता, त्यामुळे मुलांना जवळ यावं लागलं. शिडीला त्यांनी पुढे उभं केलं.

"तुझं निरीक्षण बरोबर होतं," त्या म्हणाल्या. "अनुमान काय लिहिलंस?"

शिडीने वही उघडली. "'मेलेलं बीसुद्धा श्वसन करतं.'"

"ते चूक. मेलेलं काही करत नाही. त्याला जे खातात ते श्वसन करतात. वरून बघणाऱ्याला वाटतं, बी जिवंत आहे."

"मग कळणार कसं, बी की जंतू?"

"खाणाऱ्यांना आधी मारायचं. बघू, बाटली आण. नवी."

नव्या बाटलीचं बूच बाईंच्या बोटांनी अजून निघत नव्हतं. त्यांनी ती शिडीपुढे धरली. "मला जमत नाहीये, माझी बोटं मोडलीत. उघड. आणि तोंड लांब ठेव."

"बोटांना काय झालं?" मागून एका मुलीने विचारलं, आणि लगेच जीभ चावली.

"सरांनी खणात चेंगरली," बाई म्हणाल्या. "तुम्ही सगळ्यांनी खिडक्या उघडा आधी."

हरभरे फॉर्मॅलिनच्या पाण्यातून निघाले. दोन पात्रं, दोन नळ्या, दोन बुचं. बुधवारी 'अ' दुधाळ आणि 'ब' स्वच्छ निघाली. शिडीने 'ब'वरची चिठ्ठी फाडून टाकली, पात्र उचलून सगळीकडून पाहिलं, वरून पाहिलं, खालून पाहिलं. बाईंवर तिचा आता विश्वास होता, पण तरी पाहिलं.

"स्वच्छ," ती म्हणाली. "आधीचं खोडू का मग?"

"खोडायचं नाही. त्याच्याखाली आजचं लिही, तारीख टाकून. आणि शेवटी 'दक्षता' म्हणून एक रकाना असतो बघ, तो कुणी भरत नाही. तिथे फॉर्मॅलिनचं लिही."

शिडीने लिहिलं. मग चांगल्या कानाची बाजू बाईंकडे वळवून विचारलं, "आणि बुचाचं?"

"काय बुचाचं?"

"की ते निघालं नाही तर कुणाला तरी हाक मारावी."

"लिही," त्या म्हणाल्या. "तेही लिही."